एका ‘व्हेन’ची तीन सोंगे

ज्याने आयुष्यात कधी काळी एखादा अर्ज इंग्रजीतून लिहिला असेल, त्याला खानदेशातील एकत्र कुटुंबात आजन्म इंग्रजीचा जाणकार मानले जाते. आमच्या जळगावच्या घरात हे पद माझ्याकडे आहे. पदाला मान आहे, पगार नाही आणि राजीनाम्याची तर सोयच नाही. त्यामुळे परीक्षा जवळ आली की पुतणी वही घेऊन समोर बसते आणि वाक्यांतील क्लॉज व फ्रेज ओळखण्याचे काम सुरू होते.

नियम वरवर साधा आहे. कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असले तर क्लॉज, नसले तर फ्रेज. ‘आफ्टर द डिपार्चर ऑफ द ट्रेन’ ही फ्रेज, पण ‘आफ्टर द ट्रेन लेफ्ट भुसावळ’ हा क्लॉज. गाडी दोन्हीकडे गेलेलीच असते. ‘वेटिंग ऑन द प्लॅटफॉर्म’ मात्र फ्रेजच, कारण नुसते आयएनजी लावलेले रूप काळ दाखवत नाही. “म्हणजे ताटकळणाऱ्याला काहीच किंमत नाही का, काका?” असे पुतणीने विचारले, तेव्हा भुसावळच्या फलाटावर रात्री काढलेल्या मला ते फार लागले.

खरा छळ ‘व्हेन ही केम’ करते. ‘आय नो व्हेन ही केम’ यात ते ‘नो’चे कर्म, म्हणून नाउन क्लॉज, ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम’ यात दिवसाचे विशेषण, म्हणून अॅडजेक्टिव्ह क्लॉज, आणि ‘आय वॉज अस्लीप व्हेन ही केम’ यात झोप कधीची ते सांगणारे, म्हणून अॅडव्हर्ब क्लॉज. येणारा तोच, येणेही तेच. पण एकच माणूस एका घरी जावई, दुसऱ्या घरी साडू आणि तिसऱ्या घरी उसने मागायला आलेला ठरावा, तसा हा प्रकार आहे. मराठीतही गौण वाक्यांचे नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य असेच तीन प्रकार असतात, असे सांगून मी धीर दिला, तर तिचा चेहरा आणखीच उतरला.

तेवढ्यात कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत तयार झाले आणि आईने स्वयंपाकघरातून हाक दिली, “जेवाले चला!” यात कर्ता कुठे आहे, असे पुतणीने लगेच विचारले. आज्ञार्थात कर्ता अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेला असतो, तरीही तो पूर्ण क्लॉजच, हे मी सविस्तर समजावू लागलो. आई दारात आली आणि आम्हा दोघांकडे बोट दाखवत म्हणाली, “तू चाल, आनि तू बी चाल.”