कानकूनला टॉवेल टाकताना

सोलापूरच्या माणसाला टॉवेलसाठी दंड व्हावा! तोही पन्नास डॉलर. त्याचे रुपये किती होतात ते हिने रिसेप्शनच्या काउंटरवरच मोठ्यांदा सांगितलं, आणि मागच्या रांगेतल्या लोकांना मराठी येत नसूनही सगळ्यांचे चेहरे पडले. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. जावई म्हणतो, "बाबा, सोडून द्या." मी सोडून दिलंय. फक्त रोज सकाळी दात घासताना आठवतं.

लेक डॅलसला असते. मार्चमध्ये नातवाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, हे जावयाने शोधून काढलं आणि विमानाने तीन तासांत आम्ही कानकूनला. हॉटेलात शिरताच मनगटाला निळा पट्टा बांधला. खाणं-पिणं सगळं त्यात. तो पाच दिवस निघत नाही, आंघोळीतही नाही. "ऑपरेशनला नेतात तेव्हा बांधतात तसला आहे हो," ही म्हणाली. त्या पट्ट्याबरोबर, हॉटेलचा टॉवेल नेला-आणला त्याच्या नोंदीसाठी, माणशी एक टॉवेल कार्डही दिलं. तेव्हा मी ते खिशात टाकलं आणि विसरलो.

लेकीने मोबाइलवर यादी केली होती, पहिल्यांदा जाणाऱ्याने काय काय करायचं त्याची. यादीतलं बरंचसं केलंही. इस्ला मुहेरेस बेटावर बोटीने जाऊन आलो. सेनोटे म्हणजे चुनखडीची जमीन खचून झालेली विहीर, तिच्यात नातू आणि जावई पोहले आणि मी काठावर सगळ्यांचे चष्मे सांभाळले. चिचेन इत्झाला, म्हणजे प्राचीन माया लोकांच्या पडक्या शहरात गेलो. दोनशे किलोमीटर जायचं, दोनशे यायचं आणि मधे पिरॅमिडवर चढायला बंदी. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५, हे गाइडने सांगितलं तेव्हा हिने बेरीज करून पाहिली आणि बरोबर आहे अशी मान डोलावली. तिथे पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. क्वेत्झाल नावाचा पक्षी, मायांचा पवित्र. चिवचिवाट खरंच येतो. पण एकाच वेळी चाळीस गाइड चाळीस घोळक्यांपुढे टाळ्या वाजवत असतात, त्यामुळे आरती चालू आहे आणि प्रसाद मात्र कुठे दिसत नाही, असं वाटत राहतं.

जेवणाचं विचाराल तर हिला शाकाहारी म्हणून घेवड्याची उसळ दाखवली. ती डुकराच्या चरबीत परतलेली असते, हे मी विचारलं म्हणून कळलं. मग आम्ही मक्याच्या तोर्तियावर आलो. तोर्तिया म्हणजे शेवटी भाकरीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात आणि मग दळतात. (पुढे चुना मलाही लागला, पण ते नंतर.) हिने पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली. मिरची मुळात या देशातली. पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे आली. म्हणजे ही मिरची पाचशे वर्षांनी माहेरी आली होती, आणि तीही सोलापूरचा दाण्याचा कूट घेऊन. शेजारच्या टेबलावरच्या वेटरने बोटावर घेऊन चाखली, डोळे मिटले आणि उरलेली पुडी मागितली. दिली. माहेरचं माणूस म्हटल्यावर काय करणार?

तर यादी. त्या यादीत सगळं होतं, फक्त खुर्ची नव्हती.

समुद्रासमोर वाळूत झावळ्यांच्या छत्र्या असतात. त्यांना पालापा म्हणतात. प्रत्येकीखाली चार लांब खुर्च्या. आता मी ४२ अंशांच्या गावचा माणूस. उन्हात झोपायला पैसे देणारा माणूस मला अजून समजलेला नाही. मला सावलीच हवी होती. पहिल्या दिवशी नाश्ता करून नऊला पोचलो तर सगळ्या पालापांखाली टॉवेल पसरलेले आणि माणूस एक नाही. नुसते टॉवेल समुद्र बघत बसलेले.

मी मनातल्या मनात हसलो. ही विद्या मला कोणी शिकवायची? पुणे-सोलापूर एसटीत आमची हयात गेली. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर वर्तमानपत्र. एका दिवाळीत तर मी धाकटा भाऊच आत टाकला होता. रुमाल पडला की जागा आपली, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याचं पुढच्या थांब्यापर्यंत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हटलं, उद्या दाखवतो.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला उठलो. सूर्योदय सातच्या सुमाराला, बाहेर मिट्ट काळोख. काखेत दोन टॉवेल घेऊन निघालो. कामगार पोरं ट्रॅक्टर आणि दाताळी घेऊन किनाऱ्यावर आलेलं सरगॅसम गोळा करत होती. हे तपकिरी शेवाळ समुद्रातून येतं आणि कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. उजाडायच्या आत ते गायब झालेलं हवं, म्हणजे पाहुण्यांना किनारा चित्रातल्यासारखा दिसतो. मी वाळूत उतरलो आणि समोर एक दिवा हलताना दिसला. कपाळावर बॅटरी बांधलेला एक सत्तरीचा गोरा गृहस्थ माझ्याआधी तिथे टॉवेल घालत होता.

घालत होता म्हणजे काय, पूजा मांडत होता. आधी टॉवेल झटकायचा. मग चारी कडा बरोबर जुळवायच्या. मग दोन कोपऱ्यांना दोन चिमटे. चिमटे पोपटाच्या आकाराचे. मग डोक्याशी एक जाड कादंबरी, उघडी, पालथी. पायाशी चप्पल, जोडीतली एकच. अशा आठ खुर्च्या, दोन अख्खे पालापा. मी तिथेच उभा राहून बघत होतो. आपल्या क्षेत्रातला मोठा माणूस दिसला की कळतंच.

"सुप्रभात," तो म्हणाला. कॅनडातला, विनिपेगचा. "घरी उणे पंचवीस आहे," असं त्याने न विचारता सांगितलं.

"इथे बसलं तर चालेल?" मी एका खुर्चीकडे बोट दाखवलं.

"सॉरी. इथे माणसं आहेत."

मला गहिवरून आलं. वाक्यही तेच! मोहोळच्या स्टँडवर ऐकलेलं, इंग्रजीत.

"कुठे आहेत?"

"येतायत."

"कधी?"

"सॉरी, ते झोपलेत. पण येतायत."

"आठही?"

"आठही. मुलगा, सून, मुलगी, जावई, तीन नातवंडं आणि मी."

"मग तुम्ही एकावर बसा, सात राहतात. त्यातल्या दोन मला संध्याकाळपर्यंत—"

"सॉरी," तो म्हणाला, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मग पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याकडे चिमटे नाहीत का? चिमट्यांशिवाय टॉवेल टिकत नाही."

मी मान हलवली. त्याने लांबची, कडेची, माडाच्या मुळाशी असलेली एक जागा दाखवली. तिथे दोन खुर्च्या होत्या, सावली दुपारी तीननंतर. मी माझे दोन टॉवेल पसरले आणि वर खडे ठेवले. त्याने लांबून अंगठा दाखवला.

आता इथे थोडं बाजूला जातो. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे मला कानकूनचं एक कौतुक होतं. हे गाव बँकवाल्यांनी वसवलंय. साठच्या दशकात मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या लोकांनी नकाशे, आकडे घेऊन जागा शोधली. एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, मधे साताच्या आकड्यासारखी वाळूची पट्टी आणि वस्ती जवळजवळ नाहीच. १९७० मध्ये काम सुरू, १९७४ मध्ये पहिली हॉटेलं. आमच्या बँकेने फार तर दूध सोसायटी काढली. शिवाय तिथल्या कायद्याने समुद्रकिनारा सगळ्यांचा. भरतीच्या रेषेपासून वीस मीटर जागा सरकारी. म्हणजे वाळू जनतेची, समुद्र जनतेचा, आणि मधली खुर्ची विनिपेगची.

नाश्ता करून साडेआठला परत आलो. माझे टॉवेल नव्हते. खडे होते, रचून ठेवलेले, अगदी व्यवस्थित. खुर्च्यांवर ऑर्लँडोचं एक जोडपं. दोन्ही पालापांखाली आठ टॉवेल, आठ कादंबऱ्या, सोळा पोपट. माणूस एक नाही.

तिथे पाटी आहे हे मला तेव्हा दिसलं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरचा टॉवेल कर्मचारी उचलतील. नियम चांगला आहे. माझा काही आक्षेप नाही. मग त्यांचे का नाही उचलले, असं मी टॉवेलवाल्या पोराला विचारलं. तो ओशाळा हसला आणि म्हणाला, "आहोरिता." या शब्दाचा अर्थ 'आत्ता', 'थोड्या वेळाने', 'कधीतरी' आणि 'कधीच नाही' यांतला कुठलाही होऊ शकतो. दुपारी मी पाहिलं, विनिपेगचे आजोबा हात मिळवताना त्याच्या तळव्यात काहीतरी ठेवत होते. पोराला दोष देत नाही. पहाटे पाचला शेवाळ ओढायचं, दिवसभर टॉवेल वाहायचे, आणि पगारावर भागत नाही म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खिशाकडे बघायचं. त्याला त्या दोन डॉलरची गरज आहे. पण मग ती पाटी कोणासाठी लावलीय? ज्याला रीत माहीत नाही त्याच्यासाठी. आमच्या तहसील कचेरीतही अशीच एक पाटी आहे.

चौथ्या दिवशी नातवाला घेऊन स्विमिंग पूलकडे गेलो. तिथे छत्र्यांखाली आठ खुर्च्या. आठ घरचे टॉवेल, पट्ट्यापट्ट्यांचे. प्रत्येकावर पोपट. आणि प्रत्येकाच्या पायाशी एक चप्पल. जोडीतली दुसरी.

आठही जण अनवाणी, बारवर उभे होते.

शेवटच्या दिवशी रिसेप्शनवर बिल आलं. खाणं-पिणं शून्य, टॉवेल पन्नास.

"दोन कार्डांवरचे टॉवेल परत आलेले नाहीत," मुलगी म्हणाली. फार गोड हसत होती.

"ते तुमच्याच माणसाने उचलले. परवा, माडाखालून."

तिने संगणकात पाहिलं. "हो, टॉवेल आलेत."

"आलेत ना?"

"आलेत. पण तुम्ही परत केलेले नाहीत."

"बाई, टॉवेल तुमच्याकडे आहेत का?"

"आहेत."

"मग दंड कशाचा?"

"परत न केल्याचा."

मी ३४ वर्षं जमा-खर्च लिहिला आहे. एक नोंद इकडे पडली की एक तिकडे पडते. इथे वस्तूही त्यांच्याकडे जमा आणि पैसेही त्यांच्याकडेच. मी म्हटलं, "ठीक आहे. पैसे घ्या, मग टॉवेल माझे झाले. दोन टॉवेल द्या." ती म्हणाली, "सॉरी सर, टॉवेल विक्रीला नाहीत." मी व्यवस्थापकाला बोलवा म्हटलं. ती म्हणाली, "आहोरिता."

विमानतळाची बस बाहेर उभी होती. जावयाने कार्ड पुढे केलं. मागे विनिपेगचे आजोबा आठ टॉवेल कार्डं पत्त्यांसारखी हातात धरून उभे होते. "सॉरी," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं, चिमटे."

तेवढ्यात हिने काउंटरवरच्या ढिगातला एक टॉवेल उचलला, उलटा केला, बोटांत चोळून पाहिला आणि चष्मा वर करून कडेचा शिक्का वाचला. मेड इन इंडिया.

"अहो," ती म्हणाली, "निघताना मी चादर घेऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात."