सातबाऱ्यावरचं नाव

‘गावची घर-जमीन विकून टाकू या. कोण राहणार आहे आता गावाला?’ धाकट्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि सात जणांनी लगेच अंगठे दाखवले. मी तेव्हा स्कॉटलंडमध्ये, मॅलेग बंदराच्या धक्क्यावर, कॅलमॅक कंपनीच्या बोटीची वाट बघत होतो. डोक्यात तिडीक गेली.

निघालो होतो एग नावाच्या बेटावर. बेटावर जेमतेम शंभर माणसं, आणि मालक पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचे. 1853 मध्ये तिथल्या ग्रुलिन गावच्या चौदा कुटुंबांना मेंढ्यांच्या कुरणासाठी उठवलं. बहुतेक जण कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेले. पण बेटावरच्या रहिवाशांनी ट्रस्ट करून 12 जून 1997 ला आख्खं बेट विकत घेतलं. पंधरा लाख पौंड, त्यातले बरेचसे देणग्यांतून. 2008 पासून वीजही त्यांची स्वतःची, पाणी, वारा आणि उन्हावर चालणारी. घरटी पाच किलोवॉट, त्याहून जास्त नाही. मी उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी वॉशिंग मशीन थांबवलं, मग केटल लावली. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

आणि आम्ही? आजोबा खोताचे कूळ. बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, पण खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. तेव्हा कुठे ही जमीन आमची झाली. ती आता प्लॉटिंगवाल्याला द्यायची? शंभर माणसं बेट घेऊ शकतात आणि आम्हाला चार एकर कलमं राखता येत नाहीत? असं बरंच काही बोटीतच टाइप करून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुलिनला चालत गेलो. छपरं कधीच गेलेली, भिंतींच्या आत नेचे माजलेले. एका उंबऱ्यावर बसलो. दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता, आमच्या पडवीच्या पायरीसारखा. त्या पायरीवर मी शेवटचा बसलो त्याला नऊ वर्षं झाली. गणपतीला दार उघडतो तो भाऊ. वानरं हाकतो तो, तलाठ्याकडे खेटे घालतो तो. मी पैसे पाठवतो आणि सही अडवून धरतो. एगचे मालकसुद्धा लांब राहूनच बेटाचे निर्णय घ्यायचे.

धक्क्यावर परत आल्यावर रेंज मिळाली. भावाचं उत्तर आलेलं होतं: ‘दादा, नको विकू या. पण मे महिन्यात घर शाकारायला तू येणार का?’

त्याला अजून काही लिहिलेलं नाही. रजेचा अर्ज मात्र टाकला आहे, तीन आठवड्यांचा.