लीश लावली की झालं!

कुत्र्यांचा ग्रुप ट्रेक काढायचा बेत असेल, तर पोस्टरवर पहिलं वाक्य ठळक अक्षरांत घ्या: 'सर्व कुत्री लीशवर असतील.' फार कामाचं वाक्य आहे. ते एकदा छापलं की लीश (कुत्र्याला धरायची दोरी) कसली, किती लांब, कुणाच्या हातात, हे पुढे कुणी विचारत नाही. आयोजक मोकळा झाला, आता रील कोण काढणार तेवढं ठरवा.

गड सिंहगडच घ्या आणि वाट आतकरवाडीची. रविवारी त्या वाटेवर पळत चढणारे, दर आठवड्याला न चुकता येणारे आजोबा, ताक-काकडी घेऊन बसलेल्या मावशी, पहिल्यांदाच गड बघायला आलेली पोरं असे सगळे असतात. प्रेक्षक हवेतच. कुत्री किती आणायची यावर मर्यादा नको. जाणती मंडळी म्हणतात, एका गटात पाच-सहा पुरेत, दोन कुत्र्यांमध्ये तीन-चार मीटर अंतर ठेवा. त्यांच्या फोटोंना लाइक किती पडतात ते विचारा.

वेळ साडेआठची द्या. येईपर्यंत नऊ वाजतील, सेल्फी होऊन चढायला साडेनऊ. एप्रिल असेल तर उत्तमच. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायांना. बाकी बहुतेक उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. म्हणून जुनेजाणते पहाटे साडेपाचला निघून नऊच्या आत खाली येतात, आणि निघण्याआधी हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवून बघतात: आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. तुम्हाला एवढं कशाला? पग आणि शिह त्झू या जातींच्या कुत्र्यांना तर आवर्जून न्या. नाक चपटं, श्वासमार्ग अरुंद, त्यामुळे धापा टाकूनही अंग गार होत नाही, पण फोटोत जीभ काय गोड दिसते!

पाणी तुम्हा दोघांत मिळून एक लिटर. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसूनच दिवसाला लिटरभर लागतं, चढावर त्याहून पुष्कळ जास्त, हा हिशेब घरीच ठेवा. कुत्रा लडखडायला लागला, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, तर 'दमलं बाळ' म्हणा आणि पुढे ओढा. आडवाच झाला तर ओला टॉवेल पांघरून ठेवा, म्हणजे उष्णता आतल्या आत नीट कोंडेल. सावलीत नेऊन पोटावर, जांघांत, पंजांवर सतत साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा, ही कामं हौशी नसलेल्या लोकांची. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. एवढ्यात तुमचा ड्रोन वर पोचलेला असेल.

आता लीश. पाच मीटर सरकणारी, प्लॅस्टिकच्या डबीतली घ्या. तिचे फायदे खरोखर अनेक आहेत. वळणापलीकडे कुत्रा, अलीकडे तुम्ही. पलीकडे त्याने कुणाच्या काकडीच्या टोपलीवर पाय वर केला हे तुम्हाला दिसतही नाही. तिची दोरी बारीक, त्यामुळे कुणाच्या पोटरीला वेढा बसून सर्रकन ओढली गेली की कातडी सोलून निघते. आणि डबी हातातून निसटली तर खरी मजा: ती दगडांवर खडखडत कुत्र्यामागे येते, आवाजाला घाबरून तो पळतो, तो पळतो म्हणून ती आणखी खडखडते. दीड-दोन मीटरची साधी जाड पट्टीची लीश आणि छातीवरून जाणारा हार्नेस यात असला काही थरार नाही. गळ्यातला पट्टा मात्र सैल असू द्या. कुत्रा मागे सरकला की डोकं सुळकन बाहेर, आणि तुमच्या हातात पट्ट्यासकट लीश. पोस्टरवरचं वाक्य तरीही खरंच.

उतरताना लीश कमरेला बांधा किंवा मनगटाला दोन वेढे द्या. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला समोरून वानर दिसलं आणि खाली मुरमाड घसारा असला, तर गड किती वेळात उतरता येतो याचा नवा विक्रम तुमच्या नावावर होईल.

कुत्र्यांची ओळख करून देण्याची रीत सोपी आहे: पार्किंगमध्येच नाकाला नाक लावा आणि लीश ताणून धरा. ताणलेल्या लीशने कुत्र्याचं पुढचं अंग उचललं जातं, मान ताठ होते, समोरच्याला ते आव्हान वाटतं, आणि पळायला तर दोघांनाही जागा नाही. मोकळ्या मैदानात तीन-चार मीटर अंतराने, एकाच दिशेला दहा मिनिटं चालवायचं, मग वळसा घेऊन मागून हुंगू द्यायचं, याला कोण वेळ देणार? मध्ये मूठभर बिस्किटं टाका, काम लवकर होतं. माजावर आलेली मादी आणली असेल तर बिस्किटांचीही गरज नाही. भांडण जुंपलं की दोघांच्या तोंडांमध्ये हात घाला. चावा बसलाच तर हळद किंवा चुना भरा. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करणं हा भित्रेपणा झाला.

लोकांसाठी एकच वाक्य पाठ असू द्या: 'काही करत नाही हो तो.' हे कुत्रा अंगावर उडी मारत असताना म्हणायचं, आधी नाही. अरुंद वाटेवर बाजूला होऊन, लीश आखूड धरून, कुत्र्याला स्वतःच्या पलीकडे बसवून चढणाऱ्यांना आधी जाऊ देणं हे पुण्यात राहून शिकायची गोष्ट नव्हे. कुणी घाबरलं तर त्यालाच धीट व्हायचा सल्ला द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आपल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं, पण ते दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी असावं.

वर पोचलात की देवटाकं गाठा. लोक अजूनही ते पाणी पितात. तुमच्या गोल्डन रिट्रीव्हरला पोहायला याहून चांगली जागा कुठली? नंतर कांदाभजी. एक तुम्हाला, एक त्याला. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तळला तरी गुण जात नाही, आणि लक्षणं दिसायला बऱ्याचदा दोन-चार दिवस जातात. तोवर भजीवाल्याचं नाव कुणी घेत नाही.

शी उचला बरं का! जबाबदार मालकाची ती खूण आहे. काळ्या पिशवीत भरा, घट्ट गाठ मारा आणि करवंदीच्या जाळीला टांगा, 'येताना नेऊ' म्हणून. मग घाटरस्त्याने जीपने उतरा. नुसती राहिली असती तर निदान पावसाने विरघळली असती. आता प्लॅस्टिकसकट टिकेल.

सिंहगडावर गर्दी वाटली तर पुढचा ट्रेक भीमाशंकर नाहीतर हरिश्चंद्रगडाला ठेवा. अभयारण्यं आहेत, पाळीव कुत्री नेऊ नयेत हे तुम्हाला सांगायची कुणाची हिंमत? कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत सापडला होता. तुमच्या कुत्र्याचं लसीकरण कार्ड घरी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये आहेच. मुक्काम असेल तर कुत्रा तंबूबाहेर बांधा. बिबट्याला कुत्रा आवडतो, आणि बांधलेला असला की त्याचीही दमछाक होत नाही.

घरी आल्यावर अंग तपासायची गरज नाही. गोचिडी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि जांघेत बसतात, म्हणजे फोटोत येत नाहीत अशा जागी. एखादी दिसलीच तर रॉकेल लावा किंवा पिळून उपटा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढण्यात मजा नाही. गोचीड-ताप चढायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. कुत्रं जेवणं सोडेल, नाकातून रक्त येईल, डॉक्टर विचारतील, 'अलीकडे कुठे नेलं होतं का?' आणि तुम्ही प्रामाणिकपणे सांगाल, 'नाही हो, हा आठवडाभर घरातच होता.' त्याच संध्याकाळी ग्रुपवर पुढच्या ट्रेकचं पोस्टर आलेलं असेल. नाव नोंदवून टाका, जागा लवकर भरतात.