विश्रामबागेच्या काकांना: पंप घ्या, पण आधी बादली भरा

नमस्कार काका,

‘शॉवरला जोर नसेल तर प्रेशर पंप बसवा, एवढं एका ओळीत सांगायचं सोडून जाळी घासा, व्हॉल बघा असलं पाल्हाळ कशाला?’ हा माझ्या आधीच्या सल्ल्यावरचा तुमचा सवाल. शिवाय तुमच्या प्लंबरनं पाचशेच्या जागी हजार लिटरची टाकी चढवली, तरी वरच्या मजल्यावर धार तशीच रडतेय, हा रागही माझ्यावरच निघालेला दिसतो. तो टाकीचा सल्ला माझा नव्हता हो!

टाकीत पाणी किती, याच्याशी शॉवरला फारसं देणंघेणं नाही. पाणी किती उंचावर आहे, ते महत्त्वाचं. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब, हा हिशोब. आता तुमच्यासारखं घर धरा. शॉवरचं तोंड ७ फुटांवर, स्लॅब १० फुटांवर, वर टाकीचा २ फुटी कट्टा. मधे उरतात पाच-साडेपाच फूट, म्हणजे साधारण दीड मीटर, म्हणजे पाव बारसुद्धा नाही. हजाराची टाकी पाचशेपेक्षा फुगते ती मुख्यतः आडवी, त्यामुळे पैसे गेले आणि दाब तिथंच राहिला. खालच्या मजल्यावर आयती १० फूट उंची जास्त मिळते, म्हणून तिथं आंघोळ बरी होते. आमच्या साताऱ्याला कासचं पाणी उतारानं येतं ते तलाव डोंगरावर आहे म्हणून. तो लहान असता तरी जोर तोच मिळाला असता.

मग पंपच का नको? नको म्हटलंच नाही. एवढ्या कमी उंचीवर ताटाएवढा रेन शॉवर हवा असेल तर पंपाशिवाय गत्यंतर नाही, हे तुमचं शंभर टक्के खरं. माझं म्हणणं इतकंच, की दाब मुळातच नाही की वाटेत मरतोय, ते आधी बघा. शॉवरचं डोकं काढा, खाली १० लिटरची बादली लावा आणि कॉक पूर्ण सोडा. मिनिटाच्या आत भरली तर पाइपाला दोष नाही, डोक्याची भोकं क्षारानं बुजलीत. बोअरच्या पाण्यावर हे फार लवकर होतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी जुन्या ब्रशनं घासा.

बादली रडतरडत भरली, तर थंड आणि गरम वेगवेगळं तपासा. फक्त गरमच बारीक येत असेल तर गिझरकडे वळा. दोन्ही बारीक असेल तर गच्चीवर जा. आमच्या शेजारी टाकीखालचा गेट व्हॉल दिसायला पूर्ण उघडा होता, चाकही छान फिरायचं. खोलला तर आतली चकती दांड्यावरून सुटून निम्म्यात अडकलेली! नवा व्हॉल बसला आणि त्यांनी पंपाचा विषय सोडून दिला. जुन्या लोखंडी पाइपात गंज चढून भोकाचा व्यास निम्मा झाला, तर तेवढंच पाणी न्यायला साधारण ३० पट दाब खर्ची पडतो. तिथं पंप लावला की तो नुसता घरघरतो, आणि कुजका सांधा असेल तर तोही फुटतो.

हवा अडकल्यानंही धार तुटते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं तेव्हा वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायचे मनोरे, बांधले ते याचसाठी. आपल्या घरात तेच काम टाकीच्या निघत्या पाइपावरची उभी नळी करते. आणि नेमकी हीच नळी पंप बसवताना विसरली जाते. पंप तिच्या आधी बसला, तर पाणी नळीतून वर उसळून परत टाकीतच पडतं, आणि पंप बंद व्हायचं नाव घेत नाही. नळी पंपाच्या आधी घ्या किंवा बंद करा, हे प्लंबरला उभं राहून सांगा.

बायपास (पंपाला वळसा घालणारा पाइप) आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल (पाणी उलटं न जाऊ देणारा) घालून घ्या, म्हणजे वीज गेली तरी पाणी येत राहील. गिझर किती बार दाब सोसतो, ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, तेही बघा. आणि पंप टाकीनंतरच्याच लाइनीवर. महापालिकेच्या नळाला थेट लावलेली मोटर शेजाऱ्यांचं पाणी तर ओढतेच, फुटक्या जोडातून गटारही आत घेते. त्याला परवानगी नाही ते वेगळंच.

तुमची बादली किती वेळात भरली ते इथंच लिहा, आणि वरचा पाइप लोखंडी आहे की सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) तेही. मग किती ताकदीचा पंप घ्यायचा, ते बोलू.