खांब रोवण्याआधी विचारा

मुंबईच्या किनारी रस्त्याने वेळ वाचतो, हे मी मान्य करते. पण वरळीला हा रस्ता सागरी सेतूला जोडणारा पूल आहे ना, त्याच्या दोन खांबांमधल्या अंतराचं काय झालं ते माहीत असायला हवं.

मूळ आराखड्यात हे अंतर 60 मीटर होतं. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार म्हणत होते, 200 हवेत. पुढे ते 160 वर आले. पालिकेचं म्हणणं, छोट्या होड्यांना 60 मीटर पुष्कळ झाले. कागदावर होतातही. पण कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होडीला खाली खडक, बाजूने वारा, भरती-ओहोटीची ओढ आणि समोरून येणारी दुसरी होडी हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. ऐन वेळी इंजिन बंद पडलं तर होडी खांबावरच जाणार. हे नकाशात दिसत नाही. रोज त्या पाण्यातून ये-जा करणाऱ्यालाच ते कळतं, आणि तो ते ओरडून सांगत होता.

शेवटी 2021 मध्ये मच्छीमारांनी होड्या आडव्या घालून समुद्रातलं काम रोखलं. 2022 संपता संपता अंतर 120 मीटर करायचं ठरलं, एक खांब आराखड्यातून गेला. म्हणजे बदल शक्य होता! मग तो 2018 मध्ये, काम सुरू होण्याआधी का झाला नाही? मला याचाच राग येतो. भर समुद्रात उभं राहिल्याशिवाय माणसाचं ऐकलं जात नाही, आणि उभं राहिलं की 'विकासविरोधी' म्हणून मोकळे.

आपल्याकडे लोकसहभाग म्हणजे वर्तमानपत्रातली 'हरकती व सूचना' मागवणारी नोटीस. मार्ग तोवर पक्का झालेला असतो. हरकत घेणाऱ्याला पोच मिळते, पण त्याचं म्हणणं का फेटाळलं याचं उत्तर क्वचितच.

आता किनारी रस्ता वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे निघालाय. वाटेत खाड्या आहेत, कोळीवाडे आहेत. अभियंत्यांनी तिथल्या मच्छीमारांबरोबर होडीत बसून, भरतीला आणि ओहोटीलाही, खांबांच्या जागा पाहाव्यात. प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्यावं, तेही मराठीत, आणि कोळीवाड्यात सभा घेऊन वाचून दाखवावं. तोवर तिथल्या पाण्यात एकही खांब रोवू नये.