शार्लमेनचे वंशज: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. ‘मुळातला प्रत्येक युरोपीय माणूस शार्लमेनचा वंशज आहे’ या माझ्या विधानावर तुमचे दोन आक्षेप आहेत. राजघराण्यांच्या सोयरिकी आपसातच व्हायच्या, मग ते रक्त कुळवाड्यांत कुठून उतरणार? आणि सगळे भाऊबंदच, तर डीएनए चाचणीत आयरिश आणि इटालियन वेगळे कसे ओळखू येतात?

शार्लमेन म्हणजे सुमारे बाराशे वर्षांपूर्वी पश्चिम युरोपच्या मोठ्या भागावर राज्य केलेला फ्रँक सम्राट. त्याला लग्नाच्या बायका आणि रखेल्या मिळून अठराएक मुलं झाली. मुलींची लग्नं त्याने होऊच दिली नाहीत. तरी त्यांतल्या बर्थाला दरबारी कवी अँगिलबर्टपासून मुलगे झाले. त्यांतला निथार्ड पुढे इतिहासकार म्हणून नावाजला. म्हणजे पहिल्याच पिढीत कुंपण मोडलं! पुढेही धाकट्यांना गादी मिळत नाही, त्यांची नातवंडं साधे सरदार होतात, त्यांच्या लेकी आणखी खालच्या घरी नांदायला जातात. चाळीस पिढ्यांत हे कितीदा घडलं असेल?

आता उलट मोजा. चाळीस पिढ्यांमागे आपल्या वंशवृक्षात सुमारे १ लाख १० हजार कोटी जागा असतात, आणि तेव्हा युरोपात माणसं होती जेमतेम काही कोटी. तेच पूर्वज असंख्य जागी पुन्हा येणारच. संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये हे गणिताने मांडलं. त्यात कोणीही कुणाशीही लग्न करतं असं धरलंय, म्हणून तुमचा पहिला आक्षेप तिथे रास्त ठरतो. पण २०१३ मध्ये पीटर राल्फ आणि ग्रॅहम कूप या जनुक-अभ्यासकांनी २,२५७ युरोपीयांचा प्रत्यक्ष डीएनए तपासला. त्यांच्या हिशेबानुसार युरोपच्या दोन टोकांच्या माणसांचेही गेल्या हजार वर्षांतले लाखो पूर्वज सामाईक असावेत.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर: वंशज असणं वेगळं आणि डीएनए मिळणं वेगळं. दर पिढीला आईबापांचा अर्धाच वाटा मुलात येतो, तोही तुकड्यांनी. दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजांपैकी अनेकांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. शार्लमेनचा तर बहुतेकांत नसेलच. चाचणी वंशावळ वाचत नाही, तुकडे वाचते. आणि माणसं बहुतेक आसपासच लग्न करत आली, त्यामुळे शेजाऱ्यांत सारखे तुकडे जास्त सापडतात. त्याच अभ्यासात इटालियनांचे इतरांशी जुळणारे अलीकडचे तुकडे कमी निघाले, पूर्व युरोपीयांचे आपसात जास्त. तुम्ही म्हणता तो फरक खराच आहे. ‘शुद्ध रक्ता’चा पुरावा म्हणून मात्र तो कुणी पुढे केला, तर मी ठाम विरोध करीन.