बाप्याचा हिशोब: खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. पहिलं चिडून लिहिलं होतं, दुसरं नको तितकं गोड झालं. आता आठ दिवसांनी पुन्हा बसलोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या जूनमध्ये आम्ही बेळगावातलं वडगाव सोडून पुण्याला नऱ्ह्यात बिऱ्हाड केलं. त्याचा जमाखर्च मी 'एक लाख सोळा हजारांत पुणे' या नावाने मांडला होता: डिपॉझिट ४५,०००, एजंटचे १५,०००, पहिल्या महिन्याचं भाडं १५,०००, टेम्पो आणि हमाली १९,५००, कराराचे ३,०००, गॅस-नळ-पडदे-फिल्टर वगैरे १२,००० आणि घर बघायला मारलेल्या खेपांचे ६,५००. शेवटी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'हात राखून खर्च केला तर बेळगावच्या माणसाला पुणं जड नाही.'

त्यावर तुम्ही बेळगावजवळच्या खानापुराहून लिहिलंत: 'दादा, हा बाप्याचा हिशोब आहे. टेम्पो लिहिलात, आई कुठे राहिली ते लिहिलं नाहीत. वहिनींचं काम गेलं का राहिलं, ते नाही. आमचे दोन हजार, फुकट लाईट, फुकट बस, यांचं काय? तुमचा लेख वाचून आमच्या ह्यांनी उद्यमबागेतली नोकरी सोडली, दोन महिने झाले चाकणला आहेत. आता म्हणतात जूनमध्ये सगळेच चला. मुलगी नववीत आहे. त्यापेक्षा बेंगळूर का नाही सुचवलंत? तिकडे मराठी बोलत नाहीत म्हणून?' (बाहेरच्यांसाठी: उद्यमबाग ही बेळगावची औद्योगिक वसाहत. दोन हजार, फुकट लाईट आणि फुकट बस या बायकांसाठी आणि घरांसाठी कर्नाटक सरकारच्या योजना: गृहलक्ष्मी, गृहज्योती आणि शक्ती.)

आईपासून सुरू करतो, कारण तिथेच मी लबाडी केली. आई वडगावातच राहिली. 'तुम्ही जावा, मी येते की दिवाळीनंतर,' म्हणाली. दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळीही झाली. ती येणार नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. लेखात मी तिचा खर्च धरला नाही, कारण 'तो तर आधीपासून होताच' अशी स्वतःची समजूत घातली होती. तसा तो नव्हता. आम्ही निघाल्यावर वरकामाला बाई ठेवावी लागली, महिना २,५०० रुपये. शिवाय वर्षभरात आम्ही दोघांनी मिळून बेळगावच्या १९ खेपा केल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन, गणपती, दोन लग्नं, एक बारावा आणि बाकी नुसतं 'आईचा आवाज फोनवर बरा वाटला नाही' म्हणून. जाऊन-येऊन सरासरी १,९०० धरा.

या खेपांबद्दल आणखी एक. अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास, रस्ता सरळ, त्यामुळे पुणे म्हणजे शेजारचं गाव असं आपल्याला वाटत राहतं. पण मधे कोगनोळीचा सीमानाका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेचा-भाषेचा वाद पेटला तेव्हा एसटी बंद झाल्या होत्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. असं काही झालं की निपाणी-कागलला गाडी बदलत, मिळेल त्या वाहनाने जायचं. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आहे, पण आठवड्यातून तीनच दिवस. आजारपण वार बघून येत नाही.

आता वहिनींचं काम. बायको वडगावात घरी ब्लाऊज शिवायची. महिना साधारण सहा हजार सुटायचे, लग्नसराईत जास्त. हे पैसे आमच्या हिशोबाच्या वहीत कधीच नव्हते, कारण ते तिच्या डब्यात असायचे आणि डब्यातून भाजी, मुलाची वही, माझ्या भाचीचा आहेर असे परस्पर खर्च व्हायचे. वहीत नव्हते म्हणून ते गेले हेही वहीला कळलं नाही. नऱ्ह्यात तिला कोण ओळखतंय? आठ महिने काम नव्हतं. आता एका बुटीकमध्ये जाते, त्याला चार महिने झाले. बेळगावात ती सिटी बसने फुकट फिरायची. इथे जून २०२५ पासून पीएमपीचा महिन्याचा पास १,५०० रुपयांचा आहे.

तुमच्या 'बाप्याचा हिशोब' या शब्दांवर ती खूप हसली, हेही कळवतो. मग म्हणाली, 'आता खरा मांड.' मांडला. आईची बाई ३०,०००. खेपा साधारण ३६,०००. बुडालेली शिलाई ४८,०००. वीजबिल महिना १,४०० प्रमाणे १६,८००. चार महिन्यांचा पास ६,०००. एकूण १,३६,८००. म्हणजे टेम्पो रिकामा करून मी ज्या दिवशी हिशोब बंद केला, त्या दिवसानंतरचा खर्च आधीच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त निघाला. आणि आधीच्यातले ४५,००० तर डिपॉझिटचे, ते कधीतरी परत येतील. हे नाहीत येत.

विजेचं जरा उलगडून सांगतो, कारण चाकणला भाड्याने आलात की पहिला फटका तोच. गृहज्योतीत २०० युनिटच्या आत ठरावीक वापराचं बिल येत नाही. म्हणजे साधारण २०२२-२३ ची आपली सरासरी अधिक दहा टक्के, एवढं माफ. कर्नाटकात भाडेकरूलाही ते मिळतं. महाराष्ट्रात तसं काही नाही, इथे पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याचे पैसे. गृहलक्ष्मीचे २,००० कधी दोन-तीन महिने थकतात हे मान्य, पण वर्षाचे २४,००० होतात आणि ते बाईच्या खात्यात येतात. सगळं कुटुंब उठून गेलात तर ते गेले असंच धरा. त्या जागी इथले लाडकी बहीणचे १,५०० मिळतील असं कोणी सांगत असेल तर त्यावर बजेट उभारू नका. महाराष्ट्रातल्या रहिवासाचे जुने पुरावे मागतात, नव्याने आलेल्या माणसाकडे ते कुठून असणार?

शक्तीचं तर आणखी मजेशीर आहे. ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली आणि ओळखपत्रावरचा कर्नाटकाचा पत्ता बघते. माझ्या एका चुलतभावाने उत्साहात बायकोच्या आधारवर पुण्याचा पत्ता घातला. नंतर ती माहेरी गेली तर बेळगाव-खानापूर बसमध्ये कंडक्टरने तिकीट फाडलं. रक्कम चिल्लर होती, पण तिला ते फार लागलं. 'आपल्याच गावच्या बसमध्ये परकी झाले,' म्हणाली.

बेंगळूर. हा टोला बरोबर जागी बसलाय. मी त्याचा विचारच केला नव्हता. राज्य तेच असल्यामुळे तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी शाबूत राहतात, गाडीचा नंबर बदलायला नको, रेशनकार्ड तेच, मुलांची कागदपत्रं तीच. तिथल्या पीन्या औद्योगिक भागात कारखानेही कमी नाहीत. अंतर मात्र ५०० किलोमीटर. ऑगस्ट २०२५ पासून तिकडेही वंदे भारत आहे, पण आईसाठी रात्रीत पोचायचं असेल तर ते पाचशेच. आणि तिथली अडवान्सची रीत तुम्ही ऐकली असेलच. पूर्वी सरसकट दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे, आता पाच-सहावर आलेत म्हणतात. सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात. पंधरा हजारांच्या घराला पंचाहत्तर ते नव्वद हजार अडकवून ठेवणं मला जमलं नसतं.

पण भाषेचं म्हणाल तर हो, तेही होतं. मी कन्नड बाजारापुरतं बोलतो, भांडण्यापुरतं येत नाही. आणि परक्या शहरात पहिल्या वर्षी भांडावं फार लागतं. पुण्यात मावसभाऊ होता. त्याच्याकडे नऊ दिवस जेवलो, घरमालकाला त्याने माझी हमी दिली, सोसायटीतल्या माणसाने 'गाडी आत येणार नाही' म्हटल्यावर तोच भांडला. आपली माणसं असण्याची किंमत मी काढू शकत नाही, पण ती शून्य नाही. त्यामुळे पुणं निवडलं याचा मला पश्चात्ताप नाही. बेंगळूरचे आकडे शेजारी मांडून मग निवडायला हवं होतं, एवढं मान्य.

आता तुमच्या मुलीचं, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी तीच दिसते. इथे मात्र मला तुमच्या यजमानांच्या विरुद्ध बोलावं लागेल. जूनमध्ये तिला उचलून नेऊ नका. नववी एका बोर्डाची करून दहावीला दुसरं बोर्ड धरणं म्हणजे पोरीच्या आणि तुमच्या जिवाला घोर. दहावी खानापुरातच होऊ दे.

त्यानंतरचा फाटा आत्ताच ठरवून ठेवा. कर्नाटकाच्या सीईटीसाठी राज्यात सात वर्षं शिक्षण लागतं आणि दहावी किंवा बारावी तिथूनच पास व्हावी लागते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दहावी-बारावी दोन्ही इथली बघतात. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या आपल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभाग म्हणून वेगळी वाट आहे. त्यासाठी शाळा सीमाभागातली असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. मुख्याध्यापक ओळखीचे असेपर्यंत हे दाखले घेऊन ठेवा. तीन वर्षांनी कोण कुठे असेल सांगता येत नाही. तुम्ही कर्नाटकाच्या ३बी या आरक्षण गटात येत असाल तर तेही वेशीवरच थांबतं. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. लेखात मी यातलं अक्षरही लिहिलं नव्हतं, कारण माझा मुलगा तिसरीत आहे आणि मला ते सुचलंच नाही.

म्हणजे एक वर्ष दोन चुली. यजमानांनी चाकणला चौघांत खोली करावी, मेस लावावी, महिन्यातून एकदा यावं. हे महाग वाटेल, पण सगळ्यांनी मिळून लगेच घर करण्यापेक्षा कमीच पडेल, कारण तुमचे दोन हजार चालू, वीज चालू, सासूबाईंना माणूस आणि घरचा तांदूळही चालू. आणि चाकणची नोकरी टिकते का, तेही वर्षात कळेल. ते चिडतील. माझ्यावर ढकला. नाहीतरी नोकरी सोडायला मीच लावली असं तुम्ही म्हणताच आहात. (ते पूर्ण खरं नाही ताई. उद्यमबाग सोडायचं त्यांच्या मनात आधीपासून असणार. माझा लेख त्यांना वेळेवर सापडला इतकंच.)

बाकी बारीकसारीक. त्यांची केए-२२ ची गाडी चाकणला बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर नियमाने बेळगाव आरटीओची एनओसी घेऊन इकडे नंबर बदलायचा, इकडचा रोड टॅक्स भरायचा आणि तिकडचा उरलेला परत मागायचा. गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर खानापुरातच विकून मोकळे व्हा. गॅसची टाकी टेम्पोत घालू नका. एजन्सीत टाकी-रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्या. जुनं डिपॉझिट जुन्या दराने परत मिळतं आणि नवं आजच्या दराने भरावं लागतं, जून २०२२ पासून टाकीला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०. मला बाराशे-पंधराशेची चाट तिथेच बसली. टेम्पोसाठी उद्यमबागेत माल उतरवून परत निघालेली एमएच पासिंगची गाडी शोधा, रिटर्न भाड्यात येते. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, पण वस्तूंची यादी आणि आधारची झेरॉक्स ड्रायव्हरकडे द्या. आणि भाव ठरवताना 'कितव्या मजल्यापर्यंत' ते लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं. १९,५०० मधले तीन हजार जिन्याचे आहेत.

मूळ लेख आज दुरुस्त केला. नाव बदलून 'दोन लाख त्रेपन्न हजारांत पुणे, आणि आई वडगावात' असं ठेवलंय, पुणं जड नसल्याचं वाक्य काढलंय, आणि खाली तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. तुमची हरकत असेल तर कळवा, काढतो.

शनिवारी बेळगावला येतोय, विसावी खेप. आईने तांदळाचं पोतं भरून ठेवलंय म्हणे.